आईचा दुभाष्या

माझ्या दादाला पगार मिळतो तो कॉम्प्युटर बंद पाडण्याचा. हे मी चेष्टेनं म्हणते, पण खोटं म्हणत नाही. कॉम्प्युटरचा सगळा कारभार जी सांभाळते ती सिस्टीम बाजारात यायच्या कितीतरी आधी दादाच्या टेबलावर येते. कच्ची, अर्धीमुर्धी. दादा तिला प्रिंटर जोडतो, काढतो, पुन्हा जोडतो, तिला झोपवतो, उठवतो आणि ती कुठे कोलमडते ते वरच्यांना कळवतो. कोलमडली की पडदा निळा होतो, म्हणून ऑफिसात सगळे त्याला निळकंठ म्हणतात. लोकांनी प्यायचं विष हा आधी पितो. आई मात्र म्हणायची, "एवढं शिकवलं आणि पोरगा मोडतोड करायला लागला."

स्वभावानं म्हणाल तर ताकच काय, पाणीही फुंकून पिणारा माणूस. कुलूप लावून दोनदा ओढून बघणार, जिन्यावरून परत वर जाणार, पुन्हा ओढणार. "बरी आहेस ना?" असं विचारलं आणि आपण हो म्हटलं तरी त्याचं समाधान नाही. जरा वेळानं "काही दुखत नाहीये ना?" आणि त्याच्यामागून "मग गप्प का आहेस?" मी पोस्टात खिडकीवर बसते, दिवसभर लोकांची किरकिर ऐकते, पण दादाच्या चौकशीनं जेवढं डोकं फिरतं तेवढं कुणाच्याच नाही.

आईला नसांचा आजार झाला तेव्हा आम्ही दोघं परत एका घरात राहायला आलो. आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं. डोकं लखलखीत शाबूत, आणि डोळे. आई जन्मभर कोर्टात टायपिस्ट होती. वकिलांची लांबलचक वाक्यं तिनं एका दमात टाइप केलेली, त्यामुळे अर्धवट वाक्य तिला खपायचंच नाही. अशा बाईला गप्प पडून राहायची वेळ यावी, याचा मला अजून राग येतो. कोणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून बहुतेक वेळा तो दादावर निघतो.

पण दादानंच तिला आवाज परत दिला, हेही सांगायला हवं. पडद्याखाली बसवायचा एक पट्टीसारखा कॅमेरा त्यानं कुठून तरी मिळवला. आई पडद्यावरच्या ज्या अक्षराकडे बघेल ते कॅमेऱ्याला कळायचं, अक्षर उमटायचं आणि कॉम्प्युटर ते वाक्य बोलून दाखवायचा. आवाज बाईचा पण कोरडा, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा. त्या आवाजात आई मला म्हणायची, "केस विंचर. भुतासारखी दिसतेस." मी आनंदानं विंचरायची. शब्द घसरले की आईला चालायचं नाही, आणि कॅमेरा म्हातारा झाल्यावर ते घसरायला लागले. तो बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून बसली होती. जुना कॉम्प्युटर मधेच गोठायचा आणि आईचं वाक्य पोटात घालून बसायचा.

त्याच सुमाराला डॉक्टर घरी आले. आईचा श्वास कमी पडायला लागला होता, आडवं झालं की जास्तच. डॉक्टर सरळ बोलणारा माणूस. त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि आईलाच विचारलं, "पुढे श्वास थांबायला लागला की गळ्याला छेद देऊन मशीन लावता येईल. मशीन बरीच वर्षंही चालेल, पण मग ते काढता येणार नाही. लावायचं की नाही हे तुम्ही सांगा. मुलांनी नाही. ऐन वेळी विचारायला सवड मिळत नाही, म्हणून आता विचारतोय."

आईनं लिहिलं, "विचार करून सांगते." आणि ते वाक्य पुरं करायच्या आत कॉम्प्युटर दोनदा गोठला.

दादाला हे सहन झालं नाही. त्याच्या ऑफिसात तेव्हा जी नवी सिस्टीम तपासायला आली होती, तिच्यात नजरेनं लिहिण्याची सोय फार सुधारली होती म्हणे. गोठत नाही, अक्षर चुकत नाही. मी म्हटलं, "अरे, कच्चा माल आहे ना तो? उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?" तो म्हणाला, "तिच्या कॉम्प्युटरला हातसुद्धा लावत नाही मी. दुसरा आणतो. काही झालं तर जुना आहेच." आणि खरोखर त्यानं सगळी खबरदारी घेतली. नवा कॉम्प्युटर आणला. जुन्याची जशीच्या तशी नक्कल काढली आणि नकलेचीही नक्कल काढली.

रविवारी दुपारी त्यानं कॅमेरा जुन्याचा काढून नव्याला जोडला. दिवा लागला. आईनं बघायला सुरुवात केली आणि अक्षरं अशी उमटायला लागली की मी टाळ्या वाजवल्या. आईनं लिहिलं, "मोडतोड बरी जमली." दादा लाजला. मग आईची नजर जरा थांबली आणि तिनं सावकाश लिहायला घेतलं. "डॉक्टरांना सांग, माझं ठरलंय. मला"

आणि पडदा निळा झाला.

दादानं शांतपणे परत चालू केला. कॅमेऱ्याचा दिवा लागला नाही. वायर बदलली, भोक बदललं. मग त्यानं कॅमेरा काढून आईच्या जुन्या कॉम्प्युटरला लावला. तिथेही दिवा लागेना. तेव्हा मी त्याचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, आता जुनाही गेला.

त्यानं मला नंतर समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. कॉम्प्युटर आणि कॅमेरा यांची भाषा वेगळी. मधे एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नव्या सिस्टीमनं आपला नवा दुभाष्या बसवला, इथवर ठीक. पण हा दुभाष्या शहाणा निघाला. त्याला कॅमेरा जुनाट वाटला, म्हणून त्यानं कुणाला न विचारता कॅमेऱ्याच्या पोटात घुसून तिथलाच छोटा प्रोग्रॅम बदलून टाकला. आता कॅमेरा जी भाषा बोलत होता ती नव्याला नीट कळेना आणि जुन्याला ओळखूही येईना. दादानं सगळ्याची नक्कल काढली होती, कॅमेऱ्याची काढली नव्हती. कॅमेऱ्याची नक्कल काढतात हे कुणाच्या डोक्यात येणार? "माझ्या यायला हवं होतं," दादा म्हणाला. "मी एवढंच करतो ना जन्मभर."

मग सुरू झालं ते मला शत्रूच्याही घरी नको. दादानं रजा टाकली. आईच्या पायथ्याशी टेबल मांडून तो जुने ड्रायव्हर घालायचा, काढायचा. नव्या सिस्टीमची पुढची आवृत्ती आली की आशेनं चढवायचा. एका आवृत्तीत कॅमेरा जागा झाला, पण कॉम्प्युटरचा आवाजच गेला. दुसरीत आवाज आला, पण आईनं कुठेही पाहिलं तरी नजरेमागून फिरणारा बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन थरथरत उभा राहायचा, शिक्षा केलेल्या पोरासारखा. एकदा सगळं सुरळीत झालं. दादानं हाक मारली, "आई, लिही!" आईनं दोन अक्षरं लिहिली आणि निळा. परत तसंच करून पाहिलं, तर या वेळी निळाही नाही आणि अक्षरही नाही. दादा म्हणाला, "दर वेळी एकाच जागी पडलं असतं तरी सापडलं असतं. हे मेलं रोज वेगळंच पडतंय."

सिस्टीमवाल्यांना त्यानं कळवलं. उत्तर आलं, आमच्याकडे असं होत नाही. त्यानं पुन्हा कळवलं. उत्तर आलं, हे उपकरण जुनं असल्यामुळे यापुढे त्याला आधार मिळणार नाही. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं! मी ते वाचून एवढी ओरडले की आईनं डोळे वटारले. पण मी ओरडून काय होणार होतं? तिकडे आईचा श्वास दिवसेंदिवस आखूड होत होता. उशा वाढवत वाढवत आम्ही तिला जवळजवळ बसतीच केली होती. दुसऱ्या कंपनीचा नवा कॅमेरा मागवला होता, तो परदेशातून यायला वेळ होता. डॉक्टरांचा रोज फोन यायचा, "बोलल्या का काही?"

कॅमेऱ्याच्या आधी आम्ही एक पाटी वापरायचो. प्लास्टिकची, आरपार दिसणारी, वर अक्षरं. मी अलीकडून पाटी धरायची, आई पलीकडून एकेका अक्षराकडे बघायची. मी अक्षर उच्चारायची, बरोबर असेल तर आई नजर वर करायची, नसेल तर डोळे मिटायची. आईला ती पाटी अजिबात आवडायची नाही, कारण एक वाक्य व्हायला अर्धी दुपार जायची. मी म्हटलं, "दादा, पाटी काढू या. नाहीतर सरळच विचारू, मशीन हवं की नको. वर बघ, नाहीतर डोळे मीट." दादा माझ्या अंगावर धावून आला. "तिचं वाक्य अर्धं राहिलंय. ते तीच पुरं करेल. दोन दिवसांत सुरू करून देतो मी." असे दोन दिवस किती आले आणि गेले. कॅमेरा सुरू होत नव्हता ही एक भीती आणि सुरू झाला तर आई काय लिहील ही दुसरी. दादा या दोन्हींच्या मधे स्क्रू-ड्रायव्हर धरून बसला होता. मला तो दिसत होता, पण माझीही जीभ उचलत नव्हती.

शेवटी आईनंच निकाल लावला. दादानं कॅमेरा उघडला होता, टेबलावर त्याचे तुकडे पडले होते. आईची नजर सारखी कपाटाच्या कडेला जायला लागली. तिथे पाटी टेकून ठेवलेली होती. मी उठले आणि पाटी धरली.

आई थकलेली. ती काना-मात्रा गाळूनच टाकायची. पूर्वीही "प" आणि "ण" म्हणजे पाणी, "क" आणि "स" म्हणजे कूस बदला. पत्त्यावरची अक्षरं पुसलेली पाकिटं मी पोस्टात रोजच लावते, त्यामुळे मला अंदाज यायचा. आईनं पाहिलं, "ज." मग "ऊ." मग बराच वेळ डोळे मिटून श्वास घेतला आणि "द."

"जाऊ दे," मी म्हटलं. आईनं नजर वर केली.

दादाच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. "जाऊ दे म्हणते ती," तो म्हणाला. "ऐकलंस? आई म्हणते, जाऊ दे." आणि तो मोठा बाप्या आईच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागला. एवढे दिवस त्याला कुणी माफ केलं नव्हतं, मीसुद्धा. त्याला वाटलं, आईनं केलं.

मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण मी आईचे डोळे बघत होते. ते दादाकडे नव्हते, कॅमेऱ्याकडे तर नव्हतेच. ते माझ्याकडे रोखलेले होते आणि वाट बघत होते.

"दादा," मी म्हटलं, "ती कॅमेऱ्याचं म्हणत नसेल."

"मग कशाचं?"

आपल्याकडे जाऊ दे म्हणजे सोडून दे, मनावर घेऊ नकोस. दिवसातून दहादा म्हणतो आपण. पण त्या शब्दांचा साधा, सरळ अर्थही आहेच. दादाला तो कळायला वेळ लागला. कळल्यावर तो हळूच उठला, तोंड पुसलं आणि माझ्या हातातली पाटी घेतली.

"आई, कॅमेऱ्याचं म्हणालीस?" आईनं डोळे मिटले.

"मशीनचं म्हणालीस? गळ्याला लावायच्या?" नजर वर.

मी भिंतीला टेकले. दादा थांबला नाही. त्याचा आवाज ऑफिसातल्यासारखा सपाट झाला होता. "मशीन लावायचं?" डोळे मिटले. "नाही लावायचं?" नजर वर. "आम्हाला त्रास होईल म्हणून नको म्हणतेस?" डोळे मिटले. "घाबरून?" डोळे मिटले. "कॅमेरा नीट झाला तर? नवा येतोय. परत सगळं बोलता येईल, तरी नको?" नजर वर. "दुखू देणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले तरी?" नजर वर. त्यानं प्रश्न उलटा केला, सुलटा केला, मधले शब्द बदलले, पुन्हा पहिल्यापासून विचारला. उत्तर दर वेळी तेच आलं. कुठल्याही फटीतून दुसरं काही निघेना. तो ते निघावं म्हणून जिवाच्या आकांतानं विचारत होता, आणि मीही भिंतीपाशी उभी राहून मनात म्हणत होते, विचार, अजून एकदा विचार.

कितव्या तरी प्रश्नाला आईनं ना नजर वर केली ना डोळे मिटले. ती पाटीकडे बघायला लागली. दादानं अक्षरं उच्चारली. "ग." वर. "ढ." वर. "व."

"गाढव," मी म्हटलं.

आईनं नजर वर केली आणि ती तशीच वर ठेवली, चांगली ठासून. दादा हसला. खरोखर हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा पार मोडून गेला. त्यानं पाटी खाली ठेवली. पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा पाटी दादानंच धरली. मी धरते म्हटलं तर ऐकेना. आरपार दिसणारी पाटी, तिच्यामागे तोंड लपवता येत नाही. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. आईनं उत्तर दिलं आणि दादानं ते शब्दांत सांगितलं, एकही शब्द न गाळता, "मशीन नको म्हणते."

डॉक्टरांनी आधी आईकडे आणि मग दादाकडे पाहिलं. "नक्की? तुमचा समजण्यात काही घोटाळा नाही ना?"

"नाही, डॉक्टर," दादा म्हणाला. "मी तपासलंय."