डाळ न खाणारा पोपट

ऐंशीच्या दशकात वडील फौजेत होते आणि आम्ही जयपूरला खातीपुऱ्यात राहायचो. शेजाऱ्यांनी बदली होताच आपला लाल-निळा-हिरवा परदेशी पोपट आमच्या गळ्यात मारला. तो काय खातो, हे सांगायची तसदीही घेतली नाही. आईने रीतीप्रमाणे भिजवलेली डाळ आणि मिरची ठेवली. तो पेरूची फोड तेवढी चोखायचा. "खा मेल्या, होईल सवय," आई त्याला बजावायची.

एकदा पिंजऱ्यातून सुटून त्याने थेट माझ्या शिकरणात चोच घातली. तेव्हा त्याची जीभ दिसली. टोकाला ब्रशसारखी, फुलांतला मध चाटण्यासाठीच घडलेली.

त्याच संध्याकाळी वडिलांनी पुढच्या बदलीची बातमी आणली. "होईल सवय," ते म्हणाले.

आईने उठून पिंजऱ्यातली डाळ बाहेर फेकली.