घोडनदीच्या घरात हात कोण धरतं?

मी जातीचा कासार. शाळा चौथीपर्यंत, पुढचा जन्म बायकांच्या हातात बांगड्या भरण्यात गेला. हे मी बोलतोय आन् सूनबाई मोबाईलवर लिहून घेतीय. या ग्रुपवर लोकं टाकतात त्यातल्या निम्म्या गोष्टी मला थापा वाटतात, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या आळीत कुणाच्या अंगात आलं की मी उठून चहा प्यायला जायचो. तरी पण… जे डोळ्यानं बघितलं ते बघितलं.

घर शिरूरला, बाजारपेठेत. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. इंग्रजांची छावणी होती तवा माझ्या पणज्यानं बांधलं. खाली घडीव दगड, वर वीट, आन् पुढं रस्त्याला लागून एक खोली – ती आमची बैठक. भिंतीच्या अंगाला जाजमावर बायका बसायच्या, समोर आम्ही, मधी बांगड्यांच्या पेट्या. चार पिढ्या तेच. पुण्याची पोरं फोटो काढायला यायची, हेरिटेज हाय म्हणायची. असंल. पावसाळ्याआधी कौलं चाळायला मात्र एकजण आला न्हाई.

मी गावोगावचे बाजार करायचो, घरची बैठक मालन सांभाळायची. मालन म्हंजी माझी बायको. मी साबणाचं पाणी लावून बांगडी सारायचो, गिऱ्हाईक ओरडलं तरी. ती आधी बांगडीला शिवायचीच न्हाई. बाईचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायची, अंगठ्याखालचा उंचवटा हळूहळू दाबत राहायची आन् भलतंच काहीतरी विचारायची – लेक सासरी कशी हाय, शेळी व्याली का. बाईचं ध्यान तिकडं गेलं की हात मऊ पडायचा. मी म्हणायचो, एवढ्यात माझे तीन हात भरून झाले असते. ती म्हणायची, "झाले असते. आन् तिघी रडत घरी गेल्या असत्या."

गेल्या थंडीत ती गेली. त्या घरात मला घास उतरंना. दौंडला लेकाकडं आलो, तो रेल्वेत हाय. लेक म्हणत होता घर राहू द्या, आण्णा. मीच म्हणालो, विक. कुलूप लावलेली बैठक मला बघवत न्हाई. आमचं दोघांचं बोलणं बंद झालं त्यावरून, पण शेवटी मीच एजंट गाठला.

पहिल्यांदा नुसते पुरुष आले. भिंती ठोकल्या, टेप लावून मोजमाप केलं. एकजण तर माझ्यासमोरच म्हणला, हे पाडून वर गाळे काढू. त्यांना कुणालाच काही झालं न्हाई.

मग पाटसला कारखान्यावर असलेला एकजण बायकोला घेऊन आला. भर दुपार, बाहेर बाजार भरलेला. बाईचा गुडघा दुखत होता म्हणून ती बैठकीत टेकली, आम्ही माळा बघायला वर गेलो. खाली आलो तर बाई रस्त्यात उभी, एका हातानं दुसरा हात धरून. काय झालं विचारलं तर नवऱ्याला म्हणली, चला आधी हितनं. संध्याकाळी नवऱ्याचा एजंटला फोन, घर नको. मिसेस म्हणती, तिथं कुणीतरी हात धरला.

एजंट माझ्यावर घसरला. घराला बाधा असंल तर आधी सांगायचं, आबा. मी म्हणालो, बाधा तुझ्या डोक्याला हाय.

रात्री जेवताना हे मी हसण्यावारी सांगितलं. सून भाकरी वाढत होती, तिचा हात तिथंच थांबला. म्हणली, "आण्णा, मलाबी झालंय." तेराव्यानंतर ती बैठक झाडायला गेली होती, जरा भिंतीला टेकली तवा. भ्याले न्हाई म्हणली, आत्याबाईच वाटल्या. मग सांगितलं का न्हाई? तर म्हणली, तुम्ही चहा प्यायला उठून गेला असता.

सून घरातली, तिच्या डोक्यात मालन असणारच, असं मी धरून चाललो. पण पाटसच्या बाईनं मालनला जन्मात बघितलेलं न्हाई. मी एजंटला फोन लावून म्हणालो, त्या बाईला एवढंच विचार, कुठला हात, कुठं धरला. तो वैतागला, पण विचारलं त्यानं. डावा हात. अंगठ्याखाली, मऊ जागेवर.

दुसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं – घर विकायचं न्हाई.

तिथनं पुढं मी न्हावऱ्यावरनं जाणारी एसटी धरून शिरूरला जायचो. बैठक उघडायची, माझ्या जागेवर दुपारभर बसायचं. बाहेर कांद्याचे टेम्पो, पोरांचा कालवा. काही न्हाई. पुन्हा जायचो. काही न्हाई. खरं सांगतो, मला राग आला तिचा. रस्त्यानं येणाऱ्या बाईचा हात धरती, आन् मी कोण? आन् दुसरं असं की मी कुलूप लावून परत निघालो की मागं ती रिकाम्या खोलीत, एक बाई तिथं फिरकत न्हाई… हे काय मी बरं करतोय का, तेबी कळंना. विकावं तर कुणीतरी पाडायचं. ठेवावं तर असं.

अशात एक दिवस निमोण्याची एक बाई भावाला घेऊन दारात. एजंटनं तिला नको म्हणून कळवलंच न्हवतं. चाळिशीच्या आतली, नवरा गेलेली, दोन्ही हात मोकळे. तिला शिवणक्लास काढायचा होता. मी तोंडावर सांगितलं, विकायचं न्हाई. भाऊ कुरकुरला, सुट्टी टाकून आलोय म्हणला. बाई म्हणली राहू दे दादा, जरा बसून पाणी पिऊ, निघू. आन् बायकांच्या जागेवर भिंतीला टेकली. मी समोर, माझ्या जागेवर.

तिचा डावा हात मांडीवर होता. तो माझ्या डोळ्यांदेखत जरासा उचलला गेला. तळवा वर झाला. अंगठा आत आला, बोटं एकात एक मिटली – बांगडी सारायच्या आधी हात असा मिटवतात, पण ते समोरचा माणूस करतो. एकट्या बाईला आपल्या आपण तसा सैल हात ठेवता येत न्हाई. हे मी जन्मभर बघितलंय, मला कुणी शिकवू नये.

भाऊ मोबाईलमधी होता. बाईचे डोळे मिटलेले, पाणी गालावर. मग म्हणली, "आबा, ते गेल्यापासून माझा हात कुणी असा धरला न्हाई."

मी तिला सगळं सांगितलं. आणखी एक सांगितलं, ते लपवून चालणार न्हवतं. नवरा गेलेल्या बाईचा हात आमच्या बैठकीत धरत न्हवतो. माझ्या आईची सक्त ताकीद. अशी बाई लेकीला घेऊन आली तर दारात उभी राहायची, मालन तिला पायरीवर चहा द्यायची, हात मात्र कवा धरला न्हाई. आई गेल्यावरबी न्हाई. जित्तेपणी जे केलं न्हाई ते आता कसं, मला उमगत न्हाई, असं मी म्हणालो.

ती डोळे पुसून जरा हसली. म्हणली, "आता त्यांना कोण आडवणार हाय, आबा?"

घर तिलाच विकलं. एजंटनं कपाळ बडवून घेतलं. पाडायचं न्हाई, बैठकीत बायका बसल्या पायजेत, एवढंच मी म्हणालो.

किल्ली द्यायच्या दिवशी मी तिला म्हणालो, बाई, थोडा वेळ बाहेर थांब. आत गेलो आन् बायकांच्या जागेवर बसलो. जन्मात पहिल्यांदा त्या बाजूला. डावा हात पुढं केला. लाज वाटली, पण केला. मालन म्हणून हाकबी मारली. हात अवघडला तरी तसाच पुढं ठेवला. काही झालं न्हाई. बाहेर आलो, किल्ली दिली. बाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आन् पाण्याचा तांब्या पुढं केला.

आता तिथं क्लास चालतो. भिंतीच्या अंगाची जागा पोरी सोडत न्हाईत, असं सून सांगती. मी जात न्हाई.

आईची दुसरीबी एक ताकीद होती – कासाराच्या बाईनं बैठकीत पुरुषाच्या हाताला हात लावायचा न्हाई, मग तो नवरा का असंना. मी मनाला तेच सांगतो. पण मग वाटतं, परक्या बाईसाठी तिनं एक रीत मोडली. माझ्यासाठी दुसरी का मोडली न्हाई, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं न्हाई.