सहाशे ग्रॅमसाठी गिरगाव ते लालबाग

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळचे सहा वाजून पाच मिनिटं. निघताना आकडा: पासष्ट किलो सहाशे ग्रॅम. हजर तिघं: मी, माझी मुलगी मृणाल आणि चाळीच्या दारात चहाचा कप घेऊन उभी असलेली आमची सौ. सुषमा. चहा माझ्यासाठी होता. मृणालला कपाचा वासही घेऊ दिला नाही.

आकडा अर्थात मृणालचा. ती एकोणीस वर्षांची, कबड्डीत डावा कोपरा सांभाळते. कुमारी गटात वजनाची मर्यादा पासष्ट किलो. लालबागच्या मैदानात सकाळी दहापर्यंत वजनं घेणार, दुपारी सामने, आणि या स्पर्धेतूनच जिल्ह्याचा संघ निवडणार. कुमारी गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. म्हणजे सहाशे ग्रॅम दहाच्या आत उतरले तर खेळ, नाहीतर घर.

तिच्या प्रशिक्षक नीताताईंनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, "काका, गाडीनं आणू नका. लांबच्या वाटेनं या. तुम्ही चाला, तिला पुढे धावत जाऊन परत येऊ दे." मी रात्रीच वाट आखली: ठाकूरद्वार, मुंबई सेंट्रल, सातरस्ता, वरळी नाका, प्रभादेवी, शिवाजी पार्क, टिळक पूल, परळ, लालबाग. माझे साधारण तेरा किलोमीटर, तिचे सतरा. पाण्याची बाटली माझ्याकडे, दर अर्ध्या तासाला दोन घोट.

गॅलरीत परबकाका दात घासत उभे होते. "गो बाय, खंय चललंस?" (अगं बाई, कुठे निघालीस?) त्यांनी मृणालला विचारलं, आणि उत्तर ऐकून माझ्याकडे वळले. "काय रे, शंभर ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅम ना? मग आता सहाशेंचा काय?"

टोमणा मला समजला. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये आपली पैलवान मुलगी अंतिम लढतीच्या सकाळी शंभर ग्रॅमनं बाद झाली, तेव्हा अख्खी चाळ हळहळत होती आणि मी एकटा नियमाच्या बाजूनं बोलत होतो. माझं मत मी आजही बदललेलं नाही. वजनगट आहेत म्हणून हलक्या अंगाची मुलगी मैदानात उभी राहू शकते. आज शंभर सोडले तर उद्या दोनशे सोडावे लागतील, आणि मग गट ठेवायचे तरी कशाला? काट्याला दोष देणं हे हरणाऱ्याचं काम, असंही मी तेव्हा बोललो होतो.

"सहाशे उतरवू," मी परबकाकांना म्हटलं आणि जिना उतरलो.

ठाकूरद्वारला दुधाच्या गाड्या रिकाम्या होत होत्या. मृणालनं दोन टी-शर्टांवर माझं जुनं जाकीट चढवलं होतं. ती सिग्नलपर्यंत धावत जायची, वळायची, माझ्यापर्यंत यायची, पुन्हा पळायची. मुंबई सेंट्रलला एका हॉटेलातून साबुदाणा वड्यांचा वास आला. "बाबा, रस्ता ओलांडू या," ती म्हणाली. ओलांडला. सातरस्त्याला इडलीवाला होता. पुन्हा ओलांडला. प्रवासाची वर्णनं लिहिणारे कुठे काय खाल्लं ते सांगतात. मी त्या सकाळी काय काय चुकवलं तेवढंच सांगू शकतो.

महालक्ष्मीजवळ वर्तमानपत्र घेतलं आणि चालता चालता शेवटचं पान उघडलं. अर्धं पान कबड्डी लीगच्या लिलावाचं. कोणत्या चढाईपटूवर किती बोली लागली, कोणाचा भाव पडला. मला लिलावाचा राग नाही. आमच्या तरुणपणी कबड्डी खेळणाऱ्याला फार तर गिरणीत नोकरी मिळायची, तीही नशीब असेल तर. आज पोरांना खेळाचे पैसे मिळतात हे चांगलंच आहे. पण ज्या मैदानांतून ही पोरं येतात तिथल्या स्पर्धेला बोटभर जागा नाही. लालबागच्या स्पर्धेची बातमी शोधली. कुठेच नव्हती.

प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या रांगेबाहेर एक बाई भेटेल त्याला पेढा देत होत्या. नातू झाला होता. मृणाल धावत त्यांच्या पुढ्यातच जाऊन थांबली.

"घे गं, प्रसाद आहे."

"मावशी, वजन आहे माझं दहा वाजता."

"एका पेढ्यानं काय होतंय?"

मृणालनं पेढा घेतला, कपाळाला लावला आणि माझ्या हातावर ठेवला. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. वजन माझं वाढलं.

शिवाजी पार्कला पोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते. मैदानात एकाच वेळी सात-आठ सामने चालू होते आणि कोणता चेंडू कोणत्या सामन्याचा हे फक्त खेळणाऱ्यांनाच कळत होतं. मृणाल फेरी मारायला गेली, मी कट्ट्यावर बसलो. शेजारी कानटोपी घातलेले एक गृहस्थ होते. मुलगी एवढी का पळते, त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"अहो, अमानुष आहे हे!" ते म्हणाले. "शंभर-दोनशे ग्रॅमसाठी पोरींचे हाल. माणसानं माणसाकडे बघावं, काट्याकडे काय बघायचं?"

"माणसाकडे बघितलं की ओळखीचा माणूस आधी दिसतो," मी म्हटलं. "काट्याला ओळख नसते."

"तुमची स्वतःची मुलगी असून?"

"म्हणूनच."

ते माझ्यापासून थोडे लांब सरकून बसले. मृणाल परत आली, दोन घोट पाणी घेतलं आणि त्यांना म्हणाली, "आजोबा, यांच्याशी वाद घालू नका. यांनी घरच्या काट्यावर तांदळाच्या पिशव्या ठेवून तोसुद्धा तपासलाय."

ते खरं आहे. शिवडीच्या गोदामात सव्वीस वर्षं मी मालाच्या वजनपावत्या तपासतो. त्यामुळे सवय.

टिळक पूल चढताना तिचा वेग कमी झाला. हिंदमाता ओलांडून परळला आलो तेव्हा तिच्या ओठांना पांढरी कड दिसायला लागली होती. एका भंगारवाल्याचं दुकान उघडलेलं होतं. त्याला विचारून तिला काट्यावर उभं केलं.

"साब, रद्दीत धरू की लोखंडात?" तो म्हणाला.

"लोखंडात," मृणाल म्हणाली. "माझी पकड बघितली नाहीस अजून."

पासष्ट किलो शंभर. पाचशे उतरले होते.

लालबागच्या मिरची गल्लीत शिरलो आणि दोघांनाही शिंका सुरू झाल्या. डंखात (मिरची कुटण्याच्या गिरणीत) मसाला कुटला जात होता आणि हवा लाल झाली होती. माझ्या ओळखीचे कदम यांचं इथे मसाल्याचं दुकान आहे. त्यांच्या मोठ्या काट्यावर वजनमापे खात्याचा चालू वर्षाचा शिक्का असतो, हे मला ठाऊक होतं. मृणालनं जाकीट काढलं, एकदा शिंकली आणि उभी राहिली. चौसष्ट किलो नऊशे. दोनदा बघितलं. तिनं बेडगी मिरचीच्या पोत्याला मिठी मारली आणि पुन्हा चार शिंका दिल्या.

"शिंकून शिंकून अजून शंभर जातील तुझे," कदम म्हणाले.

नऊ वाजून वीस मिनिटांनी आम्ही मैदानात होतो. मंडपात टेबल, टेबलाशेजारी इलेक्ट्रॉनिक काटा आणि रजिस्टर घेऊन बसलेले मुख्य पंच सावंत सर. त्यांनी नियमाप्रमाणे आधी शून्य दाखवलं. मृणाल चढली.

पासष्ट किलो दोनशे.

"दोनशे जास्त," सावंत सर म्हणाले आणि तेवढंच लिहिलं. "दहापर्यंत परत येऊ शकता."

नीताताई लगेच म्हणाल्या, "मृणाल, जाकीट घाल. मैदानाला दहा फेऱ्या."

मृणाल जाकिटाची बाही शोधायला लागली आणि तिला ती सापडेना. हात नुसता हवेत फिरत होता. ते बघून मी जाकीट तिच्याकडून काढून घेतलं.

"ती पळणार नाही. काटा चुकीचा आहे."

मंडपातली दोन-चार माणसं हसली. मीही हसलो असतो, दुसऱ्या कुठल्या बापानं म्हटलं असतं तर.

सावंत सर शांतपणे म्हणाले, "शून्य तुमच्यासमोर दाखवलं."

"शून्य बरोबर आहे. काटा शून्यावर बरोबर असून साठावर चुकीचा असू शकतो. मी रोज बघतो."

"मग लेखी हरकत घ्या. संघाच्या नावानं, पाचशे रुपये भरून. काटा बरोबर निघाला तर पैसे जप्त, आणि दहा वाजले की वजन बंद. तपासणीत वेळ गेला तर तो तुमचा."

म्हणजे दोन वाटा होत्या. पळून दोनशे उतरवायचे, किंवा ती चाळीस मिनिटं माझ्या म्हणण्यावर लावायची. वर्ष माझं नव्हतं. मी मृणालला बाजूला घेतलं.

"बाबा, तुमचं शिवडीचं डोकं आज चुकलं तर?"

"तर तू घरी, आणि दोष माझा."

तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "मग भरा."

पाचशे भरले. अर्ज लिहिला, वेळ टाकली: नऊ वाजून सव्वीस. मग मिरची गल्लीकडे निघालो तो जवळजवळ पळतच. कदमांनी वीस किलोची तीन वजनं, तिन्ही शिक्क्याची, हातगाडीवर चढवली आणि गिऱ्हाईक सोडून स्वतः गाडीला हात लावला. मैदानात पोचलो तेव्हा दहाला बारा कमी होते.

पहिलं वजन ठेवलं. वीस किलो शंभर. दुसरं. चाळीस दोनशे. तिसरं. साठ किलो तीनशे.

सावंत सरांनी तिन्ही वजनं उतरवली, शून्य घेतलं आणि स्वतःच्या हातानं पुन्हा ठेवली. साठ किलो तीनशे. मग वीस किलोमागे शंभर ग्रॅम जास्त या हिशोबानं मृणालचा आकडा खोडून त्याच्यापुढे चौसष्ट किलो आठशे शहात्तर लिहिलं आणि सही केली. नीताताईंनी तिच्या हातात केळं दिलं. तिनं ते दोन घासांत संपवलं.

मी रजिस्टरात बघत होतो. मृणालच्या वर चार ओळींवर एक नाव होतं: दीपाली, वरळी. वजन पासष्ट तीनशे. शेरा: बाद.

"सर, ही पण आत येते," मी म्हटलं. "हिशोबानं चौसष्ट नऊशे पंचाहत्तर."

"बाबा!" मृणालनं माझी बाही ओढली. "पहिला सामना वरळीशीच आहे. ती त्यांची मुख्य चढाईपटू आहे."

"मग?"

"मग काय? राहू द्या ना."

दीपालीला शोधून आणलं. ती मैदानाच्या फाटकाबाहेर मिसळीच्या गाडीपाशी बसली होती, शेजारी तिची आई. डोळे सुजलेले, समोर रिकाम्या दोन बशा. बाद झाल्यावर तिनं रडत रडत दोन प्लेट मिसळ, चार पाव आणि बाटलीभर पाणी संपवलं होतं. पुन्हा काट्यावर उभी केली तर किलोभर तरी वर जाणार.

तिची आई, वरळी कोळीवाड्यात मासळी विकणारी, सावंत सरांवर कडाडली. "दोन दिस भाताचा कण नाय घेतला पोरीनं! तुम्ही नाय बोललात म्हणून खाल्लं ना तिनं?"

सावंत सर माझ्याकडे बघून म्हणाले, "आता काय करायचं? आत्ताचं वजन घ्यायचं की सकाळचं?"

"सकाळचं. तुम्ही घेतलंत, तुम्ही लिहिलंत. चूक काट्याची आहे, तेवढी वजा करा. मिसळ नंतरची आहे."

"तुम्ही नक्की कुठल्या संघाकडून बोलताय?" त्यांनी विचारलं.

"हरकतीचा अर्ज माझ्या हातचा आहे. काटा चुकीचा होता तो एकट्या माझ्या मुलीसाठी नव्हता."

त्यांनी लिहिलं. दहाला दोन कमी होते. नीताताई माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत.

सामना तीन वाजता झाला. दीपालीनं मिसळ पचवली होती. पूर्वार्धात तिनं सात गुण नेले. उत्तरार्धात मृणालनं तिला दोनदा घोट्याला धरून पाडलं, दुसऱ्या वेळी तर मध्यरेषेपासून वीतभर अंतरावर. माझा घसा बसला. पण शेवटच्या चढाईत दीपाली तिच्याच अंगावरून उडी मारून गेली आणि आम्ही तीन गुणांनी हरलो. संध्याकाळी जिल्ह्याची यादी वाचली. दीपाली संघात. मृणाल राखीव.

परत येताना बसमध्ये तिनं कपाळ खिडकीला टेकवलं होतं. बस भायखळ्याला पोचली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुसरी पकड बघितलीत?"

"बघितली. उजवा पाय थोडा उशिरा आला."

"उशिरा नव्हता."

"थोडा होता."

"बरं, होता," ती म्हणाली, आणि दोन मिनिटांनी, "ती नसती तर मी आज संघात असते."

"असतीस."

नियम कडक हवा हे माझं मत कायम आहे. फक्त तो कडक ठेवायचा तर आधी काटा तपासायचा, हे मी पॅरिसच्या वेळी बोललो नव्हतो. काट्याला दोष देणं हे हरणाऱ्याचं काम, हे वाक्य मी चाळीत परबकाकांसमोर मागे घेतलं. त्यांनी ते मला तीनदा म्हणायला लावलं.

सावंत सरांनी हरकतीचे पाचशे त्याच संध्याकाळी परत केले होते. मंगळवारी गोदामातून लवकर निघालो आणि त्यांच्याबरोबर तो काटा घेऊन परळच्या काटे दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्यानं तो उघडला, नीट केला आणि साठ किलोवर साठच दाखवून दिले. मजुरी पाचशे झाली. ती मी त्याला दिली आणि पावती स्पर्धेच्या मंडळाच्या नावानं लिहून घेतली.