भाऊजींचा डॅशबोर्ड

त्यांना भाऊजी म्हणायला सुरुवात केली ती त्यांच्या मेहुणीने. त्यात वावगं काही नव्हतं, बायकोचीच ती धाकटी बहीण. पण तिने ते कचेरीत सगळ्यांदेखत म्हटलं आणि बघता बघता आइस्क्रीमच्या त्या अख्ख्या कारखान्याचे ते भाऊजी होऊन बसले. तोवर सगळे त्यांना साहेब म्हणत; आता एक शीतगृहाचा फोरमन तेवढा म्हणे. बरं, तिला तिथे चिकटवली कोणी? यांनीच. सासूबाईंनी गळ घातली, बायकोने अबोला धरला, तेव्हा मोठ्या साहेबांकडे शब्द टाकला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे.

भाऊजींचं काम भिंतीवरच्या पडद्यांचं. कारखान्यातली कुठली शीतखोली किती गार आहे, कुठला पंप दमलाय, कुठलं दार उघडं राहिलंय, हे सगळं आकड्यांनी आणि आलेखांनी त्या पडद्यांवर दिसे. कचेरीत त्याला डॅशबोर्ड म्हणत. हे डॅशबोर्ड भाऊजींनी वर्षानुवर्षं माउसने एकेक चौकट ओढून, रंग निवडून, हाताने मांडले होते. कशात काय आहे, ते फक्त त्यांच्या डोक्यात. काही बिघडलं की शीतगृहाचा फोरमन जिना चढून धापा टाकत यायचा, "साहेब, तुम्हीच बघा आता." भाऊजी हातातला चहा संपवूनच उठत. खरं सांगायचं तर पगारापेक्षा त्यांना त्या "तुम्हीच"ची गोडी जास्त होती.

मेहुणी आली आणि वर्ष उलटायच्या आत तिने नवीच टूम काढली. म्हणे, डॅशबोर्ड हाताने मांडायचेच नाहीत. प्रत्येक डॅशबोर्ड कोड म्हणून फाइलीत लिहायचा आणि फाइली सगळ्यांच्या सामाईक साठ्यात ठेवायच्या. कोणी काय बदललं याची नोंद आपोआप राहणार, चुकलं तर जुनी प्रत परत आणता येणार. एकाने बदल केला की दुसऱ्याने तो वाचून होकार द्यायचा, मग यंत्रणा स्वतःच तो भिंतीवर चढवणार. शिवाय ही यंत्रणा थोड्या थोड्या वेळाने भिंत आणि फाइली ताडून बघणार आणि फाइलीत नसेल ते भिंतीवरून पुसून टाकणार.

शेवटच्या वाक्यातलं 'पुसून टाकणार' तेवढंच भाऊजींनी ऐकलं. तिने दाखवलेल्या चित्रातला हिरवा रंग किती फिका आहे, हे बघण्यात ते गुंतले होते. मोठे साहेब भर बैठकीत म्हणाले, "याला म्हणतात डोकं!" भाऊजी शेजारीच बसले होते. त्यांच्याही खांद्यांवर डोकं होतं, पण तिकडे कोणी बघितलं नाही.

घरी तरी सुटका असावी? मेहुणी राहायलाही यांच्याकडेच. बायको ताटं मांडता मांडता कौतुक करायची आणि भाऊजी आतल्या आत जळून खाक व्हायचे. बायको आधी कोणाला वाढते, यावरही त्यांचा डोळा असे. मेहुणीने कचेरीत केलेला बदल वाचून होकार देण्याची पाळी त्यांच्यावर आली की मग विचारू नका. "नावात एक जागा जास्त सुटली आहे." "रेघ जाड हवी." "आधीची रेघ बरी होती." ती निमूटपणे दुरुस्त करून पुन्हा पाठवी, "झालं, भाऊजी." तिने एकदा तरी उलट बोलावं, असं त्यांना मनापासून वाटे. भांडायला निमित्त तरी मिळालं असतं.

एक दिवस ती म्हणाली, "भाऊजी, शीतगृहाचा डॅशबोर्ड तेवढा तुमच्याकडे राहिलाय. सोमवारपासून यंत्रणा चालू करतेय. त्याआधी फाइलीत घालायला द्याल ना?"

"देतो की."

दिला नाही. त्यांचा बेत ठरला होता. सोमवारी डॅशबोर्ड पुसला जाईल, शीतगृहात बोंब उठेल, फोरमन जिना चढून येईल, आणि आपण जवळ ठेवलेली प्रत काढून हाताने मांडून देऊ. मग कळेल लोकांना, डोकं कोणाचं ते.

सोमवारी तसंच घडलं. फोरमन धावत आला, "साहेब, पडदा कोरा! माणसं थर्मामीटर घेऊन खोल्याखोल्यांतून पळतायत. तुम्हीच बघा." भाऊजींनी चहा संपवला. खाली मोठे साहेबही येऊन उभे होते, म्हणजे दुधात साखर. भाऊजींनी हाताने डॅशबोर्ड चढवला. आकडे झळकले. "वा, भाऊजी!" मोठे साहेब म्हणाले, आणि त्यांचं वाक्य पुरं होतंय तोच पडदा पुन्हा कोरा.

भाऊजींनी पुन्हा चढवला. यंत्रणेने पुन्हा पुसला. पुसणं एकदाच होणार, अशी त्यांची भाबडी समजूत.

"लाजतोय का काय हा?" फोरमन म्हणाला. कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या गारठ्यातही भाऊजींना घाम फुटला.

तेवढ्यात मेहुणी आली. पडद्याकडे बघितलं, भाऊजींकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमच्याकडची प्रत मला पाठवा. फाइलीत गेल्याशिवाय तो टिकायचा नाही."

"प्रत होती?" साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "मग आधी का नाही दिली?"

मेहुणी म्हणाली, "माझंच चुकलं, साहेब. त्यांच्याकडून मागून घ्यायचं राहून गेलं."

हे मात्र भाऊजींना सोसवेना. हुशारीत ती पुढे गेली, ते एक वेळ गिळलं असतं. आता चांगुलपणातही तिनेच बाजी मारली होती.

जेवणाच्या सुट्टीच्या आत डॅशबोर्ड भिंतीवर आला आणि टिकला. दुपारी फोरमन पुन्हा वर आला. भाऊजी सावरून बसले. "मॅडम नाहीत का जागेवर? त्यांना तेवढं सांगा साहेब, पडदा झकास चाललाय, एक खोली बिघडली नाही. आमची सगळी माणसं त्यांचं नाव घेतायत."

"सांगतो," भाऊजी म्हणाले.

रात्री ताटावर बसेपर्यंत सांगितलं नव्हतं. मेहुणी घास चिवडत होती. "काय गं, जेवत का नाहीस?" बायकोने विचारलं.

"सकाळपासून धाकधूक आहे ताई. भाऊजी, शीतगृहातून कोणी काही बोललं का? माझ्या हातून काही राहिलं तर नसेल ना?"

"नाही. कोणी काही बोललं नाही."

तिने एक घास घेतला. मग म्हणाली, "फाइलीत उतरवताना तुमचा डॅशबोर्ड आज नीट वाचला मी. खोल्या नंबराने लावलेल्याच नाहीत. फोरमन ज्या वाटेने फेरी मारतात, त्या वाटेने लावल्यात तुम्ही. मला जन्मात सुचलं नसतं. खोटं कशाला बोलू, हेवाच वाटला तुमचा."

भाऊजींचा घास तोंडातच राहिला. फोरमनचा निरोप अगदी जिभेवर आला होता. अजूनही सांगता आलं असतं, विसरलो होतो म्हणून. बायको, मेहुणी, दोघीही त्यांच्याकडे बघत होत्या.

"पाणी दे जरा," ते बायकोला म्हणाले.