हे खरे आहे काय?

आमदाराच्या ऑफिसात लोक तक्रार घेऊन येतात आणि जाताना किस्सा ठेवून जातात. तक्रारीचं पुढे काहीतरी होतं, नाहीतर होत नाही. किस्सा मात्र आमच्याकडेच राहतो. माझा नवरा म्हणतो, "सुलभा, तू पगारापेक्षा बाता जास्त आणतेस घरी." बरोबरच आहे! पगाराचं तोंड महिन्यातून एकदा दिसतं, किस्से रोज.

जोगेश्वरी पूर्वेला, गुंफेच्या रस्त्यावर आमचं ऑफिस. आमदारांना सगळे भाऊ म्हणतात. ते नगरसेवक होते तेव्हापासून मी इथे आहे, त्यामुळे मीही भाऊच म्हणते आणि वेळ आली की झापतेसुद्धा. आम्ही मूळ कोकणातले, गप्प बसायची सवय घराण्यातच नाही.

* * *

भाऊंचे विधानसभेतले प्रश्न लिहून देतात बर्वे. मंत्रालयातून रिटायर झालेले. जन्मभर सरकारची उत्तरं लिहिली, आता सरकारलाच प्रश्न लिहितात.

विधानसभेच्या प्रश्नाची चाल ठरलेली असते. "अमुक ठिकाणी तमुक बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तराचीही चाल ठरलेली. पहिल्याला "हे अंशतः खरे आहे." आणि शेवटच्याला, म्हणजे नेमकं विलंबाच्या वेळी, "प्रश्न उद्भवत नाही"! झालं, बसा बोंबलत.

एकदा बर्वेंना घरून फोन आला. वहिनींचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "दळण आणलंत का हो?"

बर्वे कागदावरची नजर न काढता म्हणाले, "हे अंशतः खरे आहे. गहू आणले, ज्वारी राहिली."

पलीकडून काहीतरी जोरात आलं आणि फोन बंद झाला. मी विचारलं, "काय म्हणाल्या वहिनी?"

बर्वे म्हणाले, "रात्रीच्या जेवणाचा प्रश्न उद्भवत नाही, म्हणाली."

तेव्हापासून आमच्या ऑफिसला ही भाषा चिकटली ती चिकटलीच. चहा उशिरा आला तरी विलंबाची कारणे विचारली जातात.

* * *

गावकर आजोबा म्हणजे आमचे रोजचे पाहुणे. जुने गिरणी कामगार. गिरणी गेली, पण भोंगा वाजल्यासारखे बरोबर सकाळी हजर! एकदा आले ते थेट माझ्या टेबलापाशी.

"सुलभा, माका विधानसभेत एक प्रश्न घालूचो आसा."

"कसला प्रश्न आजोबा?"

"आमच्या चाळीच्या संडासातलो बल्ब."

मी कपाळावर हात मारला. "अहो, तो वॉर्ड ऑफिसचा विषय. मंत्री काय शिडी घेऊन येणार आहेत का तुमच्या चाळीत?"

"येवंदेत! शिडी माझ्याकडे आसा."

कशीबशी समजूत घालून पाठवलं. आठवड्याने आले ते हसतच. बल्ब लागला होता, शिवाय तुटलेली कडीसुद्धा नवी बसली होती.

"कसं काय जमवलंत?"

"वॉर्ड ऑफिसात गेलंय आणि सांगितलंय, उद्या विधानसभेत तुमचो प्रश्न येता. दुपारी माणूस हजर!" मग आजूबाजूला बघून मला हळूच म्हणाले, "प्रश्न इचारूचो नसता गो बाय. इचारतलंय म्हणान नुसता सांगूचा असता!"

बर्वेंनी हातातल्या पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवून दिलं.

* * *

दरवर्षी आमचं रक्तदान शिबिर असतं. भाऊ फीत कापतात, भाषण करतात, आणि पहिली सुई बाहेर निघाली की त्यांना मंत्र्यांचा फोन येतो. दरवर्षी! मोर्च्यात लाठ्या खाल्लेला माणूस, पण सुई दिसली की घाम फुटतो.

त्या वर्षी मदतीला वस्तीतलीच एक नर्स आली होती, प्रज्ञा. वाकोल्याच्या एका खासगी नर्सिंग होममध्ये कंत्राटावर होती. आई अंगणवाडीत मदतनीस. मुलगी हसरी, पण भलतीच फटकळ, म्हणून मला लगेच आवडली. सगळ्यांसमोर भाऊंना म्हणाली, "भाऊ, या ना, झोपा इथे. दोन मिनिटांचं काम आहे."

"आलोच हं, जरा मंत्र्यांचा फोन आहे."

"घ्या ना. डावा हात फोनला, उजवा मला द्या!"

आख्खा मंडप हसला. भाऊ गाडीत जाऊन बसले ते शिबिर संपेपर्यंत बाहेर आले नाहीत.

दुपारी जेवताना ती मला म्हणाली, "ताई, मला सरकारी नोकरी लागलीय."

"अगं, अभिनंदन! पेढे कुठायत?"

"लागलीय. मिळाली नाही."

सरकारी नर्सची परीक्षा ती पास झाली होती. निवड यादीत नाव होतं, कागद तपासून झाले होते. फक्त नेमणूक निघत नव्हती. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होती. आणि यादीची मुदत असते वर्षभराची. वर्ष उलटलं की यादी रद्द, पुन्हा पहिल्यापासून अर्ज, पुन्हा परीक्षा. तिच्यासारख्या कितीतरी मुली राज्यभर अशाच लटकल्या होत्या आणि वर्ष सरत आलं होतं.

"दिवसभर सरकारी हॉस्पिटलांतून नर्सेस नाहीत म्हणून ओरड चालते, ताई. आणि आम्ही इथे बसलोय."

माझा घास तोंडातच राहिला. संध्याकाळी मी बर्वेंना म्हटलं, "लिहा."

* * *

मध्येच संतोषचं सांगते. संतोष भाऊंचा ड्रायव्हर. भाऊंनी रोजगार मेळावा भरवला होता. कंपन्या आल्या, पोरं आली, भाऊ स्टेजवर माइकवर गरजत होते. "आपल्या उपनगरातल्या पोरांना इथेच काम मिळालं पाहिजे! आज पहिलं नियुक्तिपत्र मी माझ्या हाताने देणार!"

टाळ्या झाल्या. कंपनीच्या मॅडमने नाव पुकारलं. आणि स्टेजवर चढला आमचा संतोष!

पठ्ठ्या दुपारी जेवायच्या सुट्टीत लाइनीत उभा राहिला होता. गोदामातली गाड्यांची देखरेख, पीएफ, रविवारची सुट्टी, सगळं झकास. भाऊंनी हसत हसत पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला, आणि दात तसेच ठेवून विचारलं, "अरे, मग आता मला घरी कोण सोडणार?"

संतोष म्हणाला, "भाऊ, रिक्षा बघून देऊ?"

* * *

आता प्रज्ञाच्या प्रश्नाकडे येते. अधिवेशन सुरू झालं होतं. सदस्य प्रश्न शेकड्याने देतात, त्यांची चिठ्ठी निघते, आणि तासाभरात जेमतेम वरचे पाच-सहा विचारले जातात. आमचा प्रश्न निघाला तिसरा! बर्वेंनी त्या दिवशी स्वतःच्या पैशाने सामोसे आणले, यावरून काय ते समजा.

प्रज्ञा आणि तिची आई अर्धा दिवस सुट्टी टाकून आमच्या ऑफिसात आल्या. गावकर आजोबा होतेच. कॉम्प्युटरवर विधानसभा लाइव्ह लावली. पहिला प्रश्न पुकारला. तेवढ्यात दुसऱ्याच कुठल्या तरी विषयावर गोंधळ सुरू झाला. आमदार उठून पुढच्या मोकळ्या जागेत जमले, घोषणा सुरू! अध्यक्षांनी दोनदा बजावलं आणि कामकाज तहकूब केलं. तो तास गेला तो गेलाच.

प्रज्ञाची आई पदर सारखा करत म्हणाली, "असू द्या ताई. पुढच्या टायमाला येईल." मला रडूच आलं. ती बाई मला धीर देत होती!

आजोबा मात्र अजून स्क्रीनला नाक लावून बसले होते. म्हणाले, "सुलभा, तो मध्ये हात वर करून सगळ्यात मोठ्यान वरडता तो आपलो भाऊच मां?"

भाऊच होते. मी तडक फोन लावला.

"भाऊ, आपला प्रश्न तिसरा होता!"

"अगं, पण गोंधळ किती होता! काही ऐकू येत होतं का?"

"येत होतं ना! तुमचाच आवाज येत होता!"

मग भाऊ म्हणाले, "त्या पोरीने बघितलं?"

"तिने बघितलं, तिच्या आईनेही बघितलं."

संध्याकाळी भाऊ ऑफिसात न येता आधी प्रज्ञाच्या घरी गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून अध्यक्षांच्या दालनाबाहेर जाऊन बसायला लागले. हा प्रश्न पुन्हा घ्या, एवढंच मागणं.

* * *

आणि घेतला की! अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, राखून ठेवलेला प्रश्न म्हणून.

पुन्हा तीच आम्ही मंडळी, तोच कॉम्प्युटर. सामोसे मात्र नव्हते. बर्वे म्हणाले, "मागच्या वेळी सामोशांनीच नाट लावला."

मंत्र्यांनी उत्तर वाचलं. "हे अंशतः खरे आहे. कार्यवाही सुरू आहे. विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही."

भाऊ बर्वेंची चार पानी टिपणं घेऊन उभे राहिले. दोन ओळी वाचतात न वाचतात तोच अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्य, भाषण नको. प्रश्न विचारा."

भाऊ गडबडले. पानं खाली-वर झाली, एक तर बाकाखाली गेलं. इकडे बर्वेंनी डोळे मिटून घेतले. आणि भाऊंनी उरलेली पानं सरळ बाकावर आपटली.

"अध्यक्ष महोदय, एकच विचारतो. या मुलींना नेमणूक कोणत्या तारखेला देणार?"

मंत्री म्हणाले, "लवकरच."

"अध्यक्ष महोदय, हा लवकरच कुठला वार? सोमवारनंतर येतो की रविवारनंतर? माझ्या घरचं कॅलेंडर मी आज सकाळी बघितलं, त्यात नाही!"

सभागृह हसलं. दोन्ही बाजूंची बाकं हसली. आणि मग दोन्ही बाजूंचे आमदार उठून म्हणायला लागले, "तारीख सांगा, तारीख सांगा!" कारण अशा लटकलेल्या मुली प्रत्येकाच्याच मतदारसंघात होत्या. अध्यक्ष म्हणाले, "मंत्री महोदय, तारीख सांगून टाका."

मंत्री मागे वळले. अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी आली. त्यांनी ती वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "महिनाअखेरीच्या आत सर्वांना नेमणूक देण्यात येईल."

आमच्या ऑफिसात असा काही आरडाओरडा झाला की खालचा वडापाववाला धावत वर आला. प्रज्ञाची आई तेवढी पुढे सरकली. तिने बर्वेंकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "साहेब, हे खरं आहे का?"

जन्मात कधी पूर्ण उत्तर न दिलेला माणूस तो! उभा राहिला, घसा खाकरला, आणि म्हणाला, "होय. हे खरे आहे."

आणि रुमालात तोंड घालून रडायला लागला.

* * *

ते खरं ठरलं. महिना संपायच्या आत प्रज्ञा रुजू झाली, तीही उपनगरातल्याच सरकारी हॉस्पिटलात. पेढे आले. एवढं बोलून मी खरं म्हणजे थांबले असते, पण कुत्र्याचं राहिलं.

संतोषच्या जागी नवा ड्रायव्हर मिळेना, म्हणून भाऊ हल्ली गटारांची पाहणी पायी करतात. एका सोमवारी सकाळी पाहणी करता करता एका झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला. कुत्र्याला काय माहीत आमदार कोण! पोटरीला कचकन चावला.

भाऊ लंगडत ऑफिसात. बर्वेंनी पेन काढलं. "जोगेश्वरी पूर्व येथे एका लोकप्रतिनिधीस श्वानाने चावा घेतला, हे खरे आहे काय?"

"बर्वे, तुम्हाला चावायचं बाकी राहिलंय त्याने!" भाऊ ओरडले. मग मला म्हणाले, "नुसतं खरचटलंय गं. हळद लावतो."

"हळद? कुत्रा चावलाय, भाऊ! साबणाने पाय धुवा आणि इंजेक्शनला चला."

"मग माझ्या त्या डॉक्टरांकडे जाऊ. एसी आहे तिथे, ओळख आहे."

आता मात्र माझं डोकं सटकलं. "सरकारी हॉस्पिटलासाठी विधानसभेत गळा फाडता, आणि स्वतःला टोचून घ्यायचं खासगीत? चला, बसा रिक्षात!"

रांगेत बसलो. भाऊंच्या कपाळावर घाम. नंबर आला, आम्ही आत गेलो, आणि टेबलापाशी कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये उभी कोण? प्रज्ञा!

भाऊंनी लगेच खिशातला मोबाइल काढला.

"मंत्र्यांचा फोन का, भाऊ?" ती म्हणाली. "घ्या ना. डावा हात फोनला, उजवा मला द्या."

भाऊंनी मोबाइल गुपचूप माझ्याकडे दिला, स्टुलावर बसले आणि डोळे गच्च मिटले. "पोरी, हे दुखत नाही, हे खरे आहे काय?"

"हे अंशतः खरे आहे."

"कधी टोचणार?"

"लवकरच."

"अगं, मग टोच ना! विलंबाची कारणे काय आहेत?"

"प्रश्न उद्भवत नाही, भाऊ. टोचून झालं."

भाऊंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. दंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि लहान मुलासारखे हसले. "झालं? म्हणजे संपलं ना सगळं?"

"नाही हं, अजून डोस आहेत."

"पुढचा कधी?"

"येत्या गुरुवारी, सकाळी दहा वाजता," प्रज्ञा म्हणाली. "आमच्याकडे तारीख सांगतात, भाऊ."