फोडून वळलेला लाडू

लातूरच्या आमच्या ऑफिसात मेलनं आलेली प्रत्येक फाईल आधी एक मशीन उघडतं, आत आपोआप चालणारं काही असलं तर काढून टाकतं आणि उरलेल्याची नवी फाईल बांधून पुढं सोडतं. ते मशीन सांभाळणाऱ्या सरांनाही तीच सवय लागली आहे. माझ्या आईनं किनवटहून पाठवलेला शेंगदाण्याचा लाडूसुद्धा ते फोडून, आत बघून, पुन्हा वळून खातात. वर म्हणतात, "तुझ्या आईवर शक न्हाई गड्या. पण डबा यष्टीनं आलाय."

मी नववीत शाळा सोडलेला शिपाई. कायम होण्यासाठी शाळेचा दाखला संध्याकाळपर्यंत द्यायचा होता, नाहीतर नाव कटणार होतं. हेडमास्तरांनी तो मेलनं पाठवला. सही-शिक्का त्यांनी दुसऱ्या फाईलीतून आपोआप उमटेल असा जोडला होता, म्हणून मशीननं तेवढाच काढून टाकला.

"सर, मूळ फाईल सोडा की," मी हात जोडले.

"माझ्या बापानं पाठवली तरी सोडणार न्हाई."

पण लगेच त्यांनीच फोन लावला आणि तासभर हेडमास्तरांना शिकवत राहिले. कागद छापा, पेनानं सही करा, शिक्का मारा, फोटो काढा. "गुरुजी, तुमचा अंगठा दिसून राहिलाय. परत काढा."

चौथा फोटो मशीनमधून सहीसकट सुटला.

मी लाडवांचा डबा पुढं केला. त्यांनी एक उचलला, सवयीनं दोन्ही अंगठे लावले, माझ्याकडं पाहिलं आणि अख्खाच तोंडात टाकला.