चवलीएवढी वहिनी

पृथ्वी एका जागी थांबत नाही हे शाळेत मास्तरांनी कितीदा तरी सांगितलं, पण मला ते पटलं आमच्या हिच्या थोरल्या भावाला पाहिल्यावर. हा माणूस शांत बसलेला मी लग्न झाल्यापासून एकदाही पाहिला नव्हता. पहिला भात संपला की ते पाटावरून उठत आणि उरलेलं जेवण ताट हातात घेऊन ओसरीवर येरझारा घालत उरकत. दाढी करताना अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून कोपऱ्यावरच्या नळाला पाणी आलं का ते बघून येत. बोलायला लागले की वाक्य आमच्या स्वयंपाकघरात सुरू होई आणि संपे ते रस्त्यावर. ते कशाबद्दल होतं हे आम्हाला पुढच्या रविवारी कळायचं. सगळे त्यांना दादा म्हणत, त्यांची मुलगी बेबीसुद्धा. निघताना ‘येतो’ म्हणायची दादांची पद्धत नव्हती. गेले की गेले. मागे वळून पाहणं तर त्यांच्या अंगातच नव्हतं. ही मात्र दारात उभी राहायची, कोपऱ्यावरच्या पिंपळाआड त्यांची टोपी दिसेनाशी होईपर्यंत. ‘कशाला उभी राहतेस? तो काही बघत नाही,’ असं मी म्हणे. ‘आमच्या माहेरी माणूस नजरेआड झाल्याशिवाय दार लावत नाहीत,’ असं ती म्हणे, आणि आत येऊन पोळ्या लाटायला बसे.

ही चिंचवडची गोष्ट. तेव्हा रहाटणीच्या बाजूला नुसती ज्वारीची रानं होती आणि त्यांच्या अलीकडे एकेक कारखाना उभा राहत होता. त्यातल्याच एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून होतो. दादा बार्शीच्या गिरणीतून आले तेव्हा त्यांना मीच तिथे चिकटवलं. सुदैवानं काम त्यांना साजेसं मिळालं. हातात तेलाची बुधली घेऊन पाळीभर मशिनी-मशिनींतून हिंडायचं आणि जिथे करकर ऐकू येईल तिथे तेल सोडायचं. बाकीचे ऑइलमन अधूनमधून पिंपाआड डुलकी काढत. दादांना तसं कुणी पकडलं नाही. पकडायला ते सापडले तर पाहिजेत. फोरमन म्हणायचा, ‘राव, तुमचा मेहुणा कामाला चांगला हाय, पण त्याच्याकडं बघितलं का मलाच घेरी येती.’

असा हा माणूस एके दिवशी आमच्याकडे आला आणि ताट हातात घेऊन फिरता फिरता म्हणाला, ‘राव, मी चित्र काढायला शिकतोय. एवढंसं.’ आणि बोटांनी चवलीएवढी जागा दाखवली. चवली म्हणजे दोन आण्याचं नाणं. मला हसू आवरेना. मोठं चित्र म्हटलं असतं, भिंतभर, तर समजू शकलो असतो. त्यात निदान इकडून तिकडे चालायला वाव असतो. पण हिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू जागच्या जागी विरलं. कशाचं चित्र ते तिला न विचारताच कळलं होतं.

दादांची बायको बेबी दोन वर्षांची असताना गेली. तिचा एकच फोटो होता आणि तो हिनं मला पूर्वी एकदा दाखवला होता. बार्शीच्या फोटोवाल्यानं वहिनींना खुर्चीवर बसवलं, दादांना शेजारी उभं केलं आणि ‘हलू नका’ म्हणून बजावलं. आता दादांना हलू नका म्हणायचं म्हणजे नदीला उभी राहा म्हणायचं. ऐन वेळी त्यांना मागचा पडदा वाकडा दिसला आणि ते तो सरळ करायला वहिनींच्या पुढून गेले. फोटोत वहिनींचं लुगडं आहे, मांडीवरचे हात आहेत, पायातली जोडवीसुद्धा मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ आहेत. फक्त चेहऱ्यावरून एक धुरकट ढग गेलेला आहे. तो ढग म्हणजे दादा. ‘पुन्हा काढू की,’ ते म्हणाले होते. ते राहून गेलं. आता बेबीचं लग्न ठरलं होतं, मुलगा जबलपूरला रेल्वेत, मुहूर्त मार्गशीर्षातला. आई कशी होती असं तिनं विचारलं की दादा नळाला पाणी आलं का ते बघायला जायचे. तिला सासरी जाताना गळ्यात एक लॉकेट घालायचं आणि त्यात तिची आई द्यायची, एवढाच त्यांचा बेत होता. हातात पाच महिने होते.

गुरू त्यांनी स्टेशनजवळ शोधला. तिथे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका चाचांचं टपरीवजा दुकान होतं. जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवरचे पुसट झालेले आकडे ते एका केसाच्या कुंचल्यानं पुन्हा उमटवत. त्यांचे आजोबा हस्तिदंतावर तसबिरी करायचे म्हणे. दादांची मागणी ऐकून चाचा बराच वेळ त्यांच्या पायांकडे पाहत राहिले, कारण दादा ती मागणी चालत चालतच करत होते. मग म्हणाले, ‘दादासाहेब, हे काम हाताचं नाही. बुडाचं आहे. आधी बसायला शिका.’

दादांनी ही सूचना फारच मनावर घेतली. घरी स्टुलावर बसून बेबीकडून दोन्ही पाय पंच्यानं स्टुलाच्या पायांना बांधून घेतले आणि हातात कुंचला धरला. पाच मिनिटं बरी गेली. तेवढ्यात दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला आणि दादा सवयीनं उठले. स्टूलही उठलं. त्या अवस्थेत ते उंबरठ्यापर्यंत पोचले होते असं बेबी सांगते. पुढे आठवडाभर नाकाला पट्टी होती. कारखान्यात मात्र त्यांनी मशीन लागलं म्हणून सांगितलं.

कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा लागतो असं चाचा बोलून गेले, तर हे पवनेच्या काठी खारीमागे. दोन दिवस ते आणि ती खार, दोघंही सारख्याच चपळाईनं, बाभळीच्या झाडाखाली फिरत होते. धुणं धुणाऱ्या एका म्हातारीनं शेवटी हटकलं, ‘आवं, त्या खारीनं तुमचं काय घोडं मारलंय?’ दादांनी तिला सगळं समजावून सांगितलं. ‘मंग माज्या बोक्याचं घ्या की,’ ती म्हणाली, ‘त्यो निस्ता पडूनच असतोय, हालत बी न्हाई.’ त्या बोक्याच्या शेपटीचा कुंचला झाला खरा, पण रेघ मारायला घेतली की त्याचे केस चहूकडे फिस्कारत. चाचांनी कपाळाला हात लावला आणि आपल्याजवळचा एक कुंचला देऊन टाकला.

मग तेलाचं प्रकरण झालं. चाचांचा दुसरा धडा होता, ‘रंग पातळ करा, दुधासारखा. एक जाड थर म्हणजे भिंतीचा गिलावा. पातळ पातळ दोन थर द्या.’ हे रंग पाण्यात कालवायचे असतात हे चाचांनी सांगितलं नाही, कारण ते कुणाला सांगावं लागत असेल असं त्यांना वाटलं नसावं. पण जन्मभर ज्यानं अडलेली प्रत्येक गोष्ट तेलानं सैल केली, त्या माणसाला पातळ करायचं म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? दादांनी कारखान्यातल्या बुधलीतलं तेल रंगात घातलं. चित्र तीन आठवडे वाळलं नाही. वहिनींचं नाक दररोज थोडं थोडं खाली येत होतं. चौथ्या आठवड्यात कपाळावर एक मुंगी येऊन चिकटली, ती बरोबर कुंकवाच्या जागी. आम्ही पाहायला गेलो तेव्हा ही म्हणाली, ‘दादा, कुंकू तेवढं छान जमलंय.’

हिचा शब्द या बाबतीत शेवटचा होता, कारण वहिनींचा चेहरा आठवणारं दुसरं माणूस आता उरलं नव्हतं. सरावासाठी दादा शर्टांच्या बटणांवर चेहरे काढायला लागले. आकार साधारण तोच, आणि बटणं घरात भरपूर. आधी त्यांच्या सदऱ्याची झाली, मग माझ्या. एकदा साहेब माझ्याशी बोलता बोलता थांबला आणि माझ्या पोटाकडे टक लावून पाहू लागला. तिथे एक बाई त्याच्याकडे रागानं बघत होती. दर रविवारी दादा नवा चेहरा घेऊन यायचे आणि ही मान हलवायची. ‘ही वहिनी नव्हे, या आपल्या दवाखान्यातल्या नर्सबाई.’ ‘ही तर तूच, दादा, पदर घेतलेला.’ दादा चित्र खिशात टाकत आणि वाक्य अर्धं सोडून निघून जात. ही दारात उभी राहायची.

हात मात्र सुधारत होता, हे मला मान्य केलंच पाहिजे. त्यांची खोली रुळांजवळ होती, गाडी गेली की टेबल थरथरे. म्हणून दादांनी दिवसभराच्या गाड्या तोंडपाठ केल्या आणि दोन गाड्यांच्या मध्ये एकेक रेघ ओढायला लागले. दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायची, श्वास कोंडायचा नाही, सोडता सोडता रेघ मारायची, हे त्यांना जमू लागलं. मग चाचांकडून त्यांनी डोळ्याला लावायचं भिंग आणलं आणि त्याखाली एकेक पापणी काढली, ओठांवरची एकेक रेघ काढली. भिंगातून आम्ही ते पाहिलं आणि थक्क झालो. भिंग बाजूला केलं तर चवलीएवढ्या कागदावर काजळ फिसकटलेलं दिसत होतं. चाचांनी ते भिंग सरळ काढून घेतलं. ‘लोक काय भिंग घेऊन बघणार आहेत? हात लांब करा, तिथून बघा. एवढ्या लांबून जे दिसतं तेवढंच काढायचं. बाकीचं डोळा आपलं आपण भरतो.’

लग्नाला आठ दिवस राहिले आणि चित्र नव्हतं. दादांची ती अस्वस्थता मला आजही आठवते. मांडव, आचारी, आहेर हे सगळं आम्ही बघत होतो आणि हे नुसते फिरत होते. घरातून स्टेशन, स्टेशनवरून नदी, नदीवरून घर. कारखान्यात एका मशिनीला त्यांनी चार वेळा तेल घातलं आणि एकीला घातलंच नाही. रविवारी आले ते हात हलवत आले. मी सहज म्हणून विचारलं, ‘वहिनींचे डोळे कसे होते?’ आणि मी ते विचारायला नको होतं. दादा ओसरीच्या मधोमध थांबले.

‘मला ठाऊक नाही,’ ते म्हणाले. मग खाली बसले. माझ्यादेखत पहिल्यांदा बसले. ‘राव, मी तिच्याकडे थांबून बघितलंच नाही हो. चुलीपाशी असायची, तर मी तिथून जायचो. केस वाळवत असायची, तर तिथून जायचो. आठ वर्षं मी तिच्यापुढून नुसता जातच होतो. फोटोतल्यासारखा. आता काढू काय?’

हिनं पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. मग म्हणाले, ‘एकदाच बघितली. बार्शीला, डबा विसरलो होतो म्हणून रस्त्याच्या टोकाच्या चिंचेपासून मागे फिरलो. घर तिथून हे एवढं दिसत होतं. मला वाटलं, दार लावून आत गेली असेल. तर ती दारातच उभी. एक हात चौकटीला, पदराचं टोक दातांत. मी केव्हाचा निघालेलो, राव. म्हणजे रोजच ती तेवढा वेळ उभी राहत असणार, आणि मला ते त्या दिवशी कळलं.’ एवढं बोलून ते उठले आणि नेहमीसारखे निघून गेले.

पाचव्या दिवशी चित्र आलं. चवलीएवढ्या कागदावर काळोख्या दाराची एक उभी चौकट आणि तिच्यात हिरव्या लुगड्यातली एक बाई. चेहरा म्हणजे गव्हाळ रंगाचा एक ठिपका. त्यात ना नाक, ना डोळे. मी ते डोळ्यांजवळ नेलं आणि माझी निराशा झाली. हिनं ते माझ्या हातातून घेतलं, चाचांनी सांगितल्याप्रमाणे हात लांब केला, आणि ‘अगंबाई, वहिनी!’ म्हणून ओरडलीच. तो खांदा तसाच झुकलेला होता म्हणाली, चौकटीवरचा हात तसाच होता, आत्ता हाक मारेल असं वाटतं म्हणाली, आणि रडायला लागली.

बेबी ते चित्र खूप वेळ पाहत होती. तिला आई आठवण्यासारखी नव्हतीच. ‘दादा, ही कुणाची वाट बघतेय?’ तिनं विचारलं.

‘वाट नाही बघत,’ दादा म्हणाले. ‘मी वळून बघतो का, ते बघतेय.’

बेबी लॉकेट घालून जबलपूरला गेली. पुढच्या रविवारी दादा आले, ताट घेऊन फिरत जेवले, पाव्हण्यांबद्दलचं एक वाक्य अर्ध्यावर सोडून बाहेर पडले. सगळं नेहमीसारखं होतं. मी खिडकीतून पाहत होतो. पिंपळापाशी मात्र ते थांबले आणि वळले. ही दारात उभी होतीच. दादांनी हात वर केला, हिनं केला, आणि मग ते पिंपळाआड गेले. त्यानंतर ते होते तोवर त्यांचा हा नेम कधी चुकला नाही. बाकी पायांची भिंगरी शेवटपर्यंत तशीच होती.

दादा पहिल्यांदा वळले त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी डबा घेऊन कारखान्याला निघालो. आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि मला दादांना नावं ठेवायची फार सवय होती. पिंपळापाशी पोचल्यावर काय वाटलं कोण जाणे, मी थांबलो आणि मागे पाहिलं. ही दारात उभी होती.